नोकरी गेल्यानंतरचे चौदा महिने: एका कामगार संक्रमण केंद्राच्या सेवेचे परीक्षण

सरकारी मालकीची आमची कंपनी खासगी खरेदीदाराच्या ताब्यात गेली, त्या वेळी देखभाल विभागात विद्युत तंत्रज्ञ म्हणून माझी तेवीस वर्षे भरली होती. विक्रीनंतर सात महिन्यांनी आमच्या विभागाचे काम कंत्राटदाराकडे सोपवण्यात आले आणि मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून, हिशोब घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर चौदा महिने मी विक्री करारातील तरतुदीनुसार उघडलेल्या कामगार संक्रमण केंद्राची सेवा घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण जवळपास याच आराखड्यावर अशी केंद्रे अनेक देशांत चालवली गेली आहेत आणि ज्यांच्या कंपनीच्या विक्रीची चर्चा आता कुठे सुरू झाली आहे, त्यांना आराखडाच समजून घेण्याची अधिक गरज आहे.

केंद्राने पाच गोष्टी देऊ केल्या होत्या: समुपदेशन, निर्वाह भत्ता, प्रशिक्षण, नोकरी शोधण्यास मदत आणि स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. समुपदेशन उत्तम होते, भत्ता वेळेवर मिळत होता, प्रशिक्षणाचा दर्जा विषयानुसार फार बदलत होता आणि नोकरी मिळवून देण्याची बाजू लंगडी होती. पाचव्या गोष्टीचा मी उपयोग केला नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहीत नाही. परंतु या सेवेचा सर्वांत मोठा दोष यांपैकी कशातही नव्हता. ती सेवा उशिरा सुरू झाली, हा तिचा खरा दोष होता आणि बाकीच्या उणिवांपैकी बहुतेक त्यातूनच उपजल्या होत्या.

विक्रीचा निर्णय जाहीर झाल्यापासून प्रत्यक्ष हस्तांतरणापर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात आमची नोकरी कायम होती, पण तिच्यातला जीव हळूहळू जात होता. जादा पाळ्या बंद झाल्या, बढत्या थांबल्या, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरणे थांबले, नवीन यंत्रावरचे प्रशिक्षण पुढे ढकलले गेले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील कामगारांवर जेकबसन, लालोंद आणि सलिव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. दीर्घ सेवेच्या कामगारांची कमाई नोकरी सुटण्याच्या सुमारे तीन वर्षे आधीपासूनच घसरू लागते आणि नोकरी सुटल्यानंतर पाच-सहा वर्षे उलटली तरी ती आधीच्या कमाईपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी राहते, असे त्यांना आढळले होते. त्या कामगारांपैकी बहुतेक खासगी उद्योगांतले होते, तरीही तो निष्कर्ष वाचताना मला आमच्याच कंपनीची शेवटची दोन वर्षे आठवली. नुकसान जर आधी सुरू होत असेल, तर आधारही आधीच सुरू व्हायला हवा. आमच्या केंद्राचे दार मात्र आम्ही कंपनीच्या फाटकाची प्रवेशपत्रे जमा केल्यानंतर पाचव्या महिन्यात उघडले आणि तोपर्यंत माझ्यासोबत बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या पैशांचे आणि पुढच्या कामाचे निर्णय कोणाचाही सल्ला न घेता करून टाकले होते.

हे अटळ नव्हते, याची उदाहरणे जुनी आहेत. ब्रिटनमधील राष्ट्रीयीकृत पोलाद महामंडळाने ब्रिटिश स्टील इंडस्ट्री ही उपकंपनी १९७५ सालीच स्थापन केली होती. ज्या गावांतील पोलाद कारखाने बंद होणार होते, तेथे लहान उद्योगांना जागा, कर्ज आणि सल्ला देऊन नवे रोजगार उभे करणे हे तिचे काम होते. कॉर्बी येथील पोलादनिर्मिती १९८० मध्ये थांबली आणि महामंडळाचे खासगीकरण १९८८ मध्ये झाले. त्या उपकंपनीने पोलाद कामगारांचे सगळे प्रश्न सोडवले असे कोणी म्हणणार नाही. गावागावांतून गेलेल्या नोकऱ्यांच्या मानाने तिचा आवाका लहान होता. पण मालकी बदलण्याच्या तेरा वर्षे आधी ती अस्तित्वात आली होती, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

ऑस्ट्रियाचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे, आणि आमच्या केंद्राची तुलना करायची तर मी त्याच्याशीच करीन. फोएस्ट-आल्पिने हा सरकारी पोलाद उद्योगसमूह १९८५ मध्ये मोठ्या तोट्यात सापडला आणि १९८७ मध्ये लिंझ येथे ‘स्टालश्टिफ्टुंग’ म्हणजे पोलाद प्रतिष्ठान उभे राहिले. कंपनीचे समभाग बाजारात आले ते नंतर, १९९५ मध्ये. या प्रतिष्ठानाच्या खर्चाचा भार एकट्या सरकारवर नव्हता. कंपनीने पैसे घातले, बेरोजगारी विम्यातून वाढीव मुदतीचा भत्ता मिळाला आणि ज्यांची नोकरी टिकली होती त्या कामगारांनीही आपल्या पगारातला छोटासा हिस्सा दिला. ही शेवटची गोष्ट वाचून मी थांबलो होतो. आमच्याकडे राहिलेले आणि गेलेले यांच्यात शेवटच्या काही महिन्यांत अबोला आला होता, कारण कोण राहणार आणि कोण जाणार यावर प्रत्येकाचे घर अवलंबून होते. लिंझमध्ये राहिलेल्यांनी गेलेल्यांसाठी दरमहा काही दिले, आणि त्या व्यवस्थेत कामगार संघटना व व्यवस्थापन एकत्र बसत होते. तेथे दाखल झालेल्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे फक्त आपली दिशा ठरवण्यासाठी मिळत असत आणि त्यानंतर गरज असेल तर काही वर्षे चालणारे पूर्ण व्यावसायिक शिक्षणही घेता येत असे.

आमच्या केंद्रात दिशा ठरवण्यासाठी पंचेचाळीस मिनिटांची मुलाखत ठेवलेली होती. त्या मुलाखतीच्या अर्जात शिक्षण, पद, वेतनश्रेणी आणि सेवेची वर्षे एवढेच रकाने होते. माझ्या समुपदेशक बाईंनी तो अर्ज बाजूला ठेवला, कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “तुमचे पद नको. सोमवारी सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घ्यायचात, ते लिहा.” मी लिहू लागलो. रिलेची चाचणी, रोहित्राच्या तेलाची तपासणी, जमिनीखालच्या केबलमधला दोष नेमका किती अंतरावर आहे ते शोधणे, जळालेल्या मोटरचे वेष्टन, बंद काळात वीजपुरवठा तोडण्याची परवानापत्रे, नव्या मुलांना सुरक्षिततेचे धडे. चार पाने भरली. तेवीस वर्षे मी स्वतःला वेतनश्रेणीच्या क्रमांकाने ओळखत होतो, आणि बाहेरच्या जगात त्या क्रमांकाला काहीच अर्थ नव्हता. त्या चार पानांना अर्थ होता. सरकारी कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या माणसाची ही फार मोठी अडचण असते की, त्याला येणारी कामे पुष्कळ असतात पण ती त्याने कधी कोणाला सांगितलेली नसतात, कारण सांगण्याची वेळच आलेली नसते. या एका बैठकीसाठी मी त्या बाईंचा कायमचा ऋणी आहे. मात्र त्यांच्याकडे दोनशेहून अधिक जणांची जबाबदारी होती आणि पुढची भेट मिळायला मला सात आठवडे थांबावे लागले.

आता पैशांबद्दल. निर्वाह भत्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होत असे आणि चौदा महिन्यांत एकदाही त्यासाठी खेटे घालावे लागले नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवतो. नियमितपणे येणारी रक्कम लहान असली तरी घराला आधार देते. स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी भरपाई मोठी असते, पण तिच्यामुळे जी सुरक्षितता वाटते ती फसवी असते, कारण आयुष्यात प्रथमच एवढी रक्कम हातात आलेल्या माणसाला ती किती दिवस पुरायची आहे हे ठाऊक नसते. अर्जेंटिनातील वायपीएफ या सरकारी तेल कंपनीचे खासगीकरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक असलेली कामगारसंख्या काही वर्षांत दहा हजारांच्याही खाली आली. नेउकेन प्रांतातील कुत्राल को आणि प्लासा विंकुल ही गावे त्या कंपनीभोवतीच वाढलेली होती. भरपाई घेऊन बाहेर पडलेल्या अनेकांनी छोटी दुकाने काढली, भाड्याच्या गाड्या घेतल्या. पण गिऱ्हाईक कोण, तर नोकरी गमावलेले शेजारी. पैसे संपले, दुकाने बंद पडली आणि १९९६ व १९९७ मध्ये त्या गावांतील लोक रस्ते अडवून बसले. देशभर पसरलेल्या बेरोजगारांच्या चळवळीचा उगम तेथे मानला जातो. एका गावात एकाच वेळी शेकडो लोकांना एकाच प्रकारची रक्कम देऊन एकाच प्रकारचा व्यवसाय करण्याचा सल्ला दिला, तर तो सल्ला एकेकट्याला योग्य असूनही सर्वांना मिळून बुडवू शकतो.

आमच्या केंद्राने रकमेच्या नियोजनावर एक सत्र ठेवले होते आणि त्यात कुटुंबीयांनाही बोलावले होते, हे चांगले केले. माझी पत्नी आली होती आणि तिने विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा नेमके होते. कर्ज आधी फेडावे की व्याजावर रक्कम ठेवावी, वैद्यकीय विमा कोणत्या महिन्यापासून संपतो, मुलांच्या शिक्षणासाठीचा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवता येईल का, हे सगळे तिने वहीत उतरवून आणले होते. पण आमच्यासोबतच्या एका सहकाऱ्याने तोपर्यंत सगळी रक्कम नातेवाइकाच्या व्यवसायात गुंतवलेली होती. तो सत्रभर मागच्या रांगेत एकही शब्द न बोलता बसून राहिला. तेच सत्र पाच महिने आधी, भरपाईचा धनादेश मिळण्यापूर्वी झाले असते, तर त्याच्यासाठी सगळेच वेगळे झाले असते. अशा योजनांचा निधी नेमका कोठे खर्च होतो, हेही पाहिले पाहिजे. भारतात १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला, त्याच्या उद्दिष्टांत पुनर्प्रशिक्षण आणि नव्या कामावर पुनर्नियुक्ती यांचाही समावेश होता, पण प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवरच गेली. माणसाला बाहेर काढण्याचा खर्च भागतो आणि त्याला पुन्हा उभे करण्याचा खर्च उरलेल्या पैशांतून करायचा असतो, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते.

प्रशिक्षणाबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. मी प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरचा, म्हणजे यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रणाचा, चार महिन्यांचा अभ्यासक्रम निवडला. प्रशिक्षक स्वतः कारखान्यात काम केलेले होते, त्यामुळे रिलेच्या मंडलावरून नव्या प्रणालीकडे कसे जायचे हे त्यांनी आमच्या भाषेत समजावले. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसण्याचा जो संकोच असतो, तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात घालवला. परंतु तीस जणांमागे सरावासाठी चारच संच होते. बाकीचे अभ्यासक्रम तर उपलब्ध शिक्षक पाहून ठरवलेले दिसत होते. कार्यालयात वीस वर्षे हिशेब सांभाळलेल्या महिलांना शिवणकाम आणि प्राथमिक संगणक यांतून एक निवडण्यास सांगितले गेले, हे मला अजूनही खटकते. त्या महिलांनी कर, भविष्य निर्वाह निधी आणि खरेदीचे व्यवहार हाताळले होते. त्यांना नव्या लेखाप्रणालीचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण दिले असते, तर कोणत्याही मध्यम आकाराच्या उद्योगात त्यांना काम मिळू शकले असते.

केंद्रात कोणाला प्रवेश नव्हता, हे सांगणेही आवश्यक आहे. पात्रतेची यादी कंपनीच्या वेतनपटावरून केलेली होती. उपाहारगृहातले, साफसफाईचे, पहारा देणारे आणि मालवाहतुकीचे कामगार कंत्राटदारांमार्फत आलेले असल्याने त्यांची नावे त्या यादीत नव्हती. त्यांच्यातल्या काहींनी माझ्याहून अधिक वर्षे त्याच फाटकातून ये-जा केली होती. आम्हाला भरपाई तरी मिळाली, त्यांना एका सकाळी काम नसल्याचे सांगण्यात आले.

नोकरी मिळवून देण्याच्या बाजूकडे येतो. केंद्राच्या फलकावर रिक्त जागांच्या जाहिराती लावल्या जात, पण त्यातल्या बहुतेक वृत्तपत्रांत आधीच येऊन गेलेल्या असत. उद्योगांशी थेट बोलणी करणारा एकही माणूस केंद्रात नेमलेला नव्हता. त्याहून गंभीर बाब अशी की, खरेदीदाराने किती नोकऱ्या किती काळ टिकवण्याचे मान्य केले होते, हे केंद्रातील कोणालाच माहीत नव्हते, कारण विक्रीचा करार त्यांना दाखवलेलाच नव्हता. पूर्व जर्मनीतील सरकारी उद्योगांची विक्री करणाऱ्या ट्रॉयहांडअन्श्टाल्ट या संस्थेच्या ताब्यात १९९० मध्ये सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाखांच्या आसपास कामगार आले होते. तिच्या कामाबद्दल तेथे आजही तीव्र नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे, कारण चार वर्षांत प्रचंड प्रमाणात रोजगार गेले. तरीही तिने खरेदीदारांशी केलेल्या करारांत ठरावीक नोकऱ्या टिकवण्याची आणि ठरावीक गुंतवणूक करण्याची हमी लिहून घेण्याची पद्धत पाडली होती. हमी लेखी असेल तर ती मोडल्याचे दाखवता तरी येते. युरोपीय समुदायाने १९७७ च्या निर्देशानुसार मालक बदलल्यावर कामगारांचे करारातील हक्क नव्या मालकाकडेही कायम राहतील अशी तरतूद केली. पण आर्थिक, तांत्रिक किंवा संघटनात्मक कारणास्तव कामगार कमी करण्याची मुभाही त्याच निर्देशात होती, आणि त्याच मोकळ्या जागेत नोकऱ्या गेल्यावर उपयोगी पडणारी सेवा अशा केंद्रांनी द्यायची असते. कामगारांच्या प्रतिनिधींना माहिती देणे आणि त्यांच्याशी वेळेत विचारविनिमय करणे हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या करारातही आहे. आमच्या केंद्राच्या संचालन समितीत कामगार संघटनेचा एकही प्रतिनिधी नव्हता.

नवव्या महिन्यात मला एक दूरध्वनी आला. ज्या कंत्राटदाराकडे आमच्या विभागाचे काम गेले होते, त्याला जुन्या पॅनेलची माहिती असलेला माणूस हवा होता. म्हणजे मी तेवीस वर्षे सांभाळलेल्या त्याच पॅनेलवर, तीन-तीन महिन्यांच्या करारावर आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी मोबदल्यात. हे केवळ माझ्या बाबतीत घडलेले नाही. जॉन हाल्टिवांगर आणि मनीषा सिंग यांनी १९९९ मध्ये अनेक देशांतील सार्वजनिक क्षेत्रातील कामगारकपातीचा आढावा घेतला, त्यातही कमी केलेल्या माणसांना पुन्हा कामावर घ्यावे लागल्याची उदाहरणे आढळली होती. भरपाई देऊन ज्यांना पाठवायचे ते कोण, हे न पाहता योजना सर्वांसाठी खुली केली की, बाहेर मागणी असलेले अनुभवी लोक आधी जातात आणि मागे कामाची अडचण होते. मी त्या कंत्राटदाराला नकार दिला. समुपदेशक बाईंनी माझी चार पाने पाहून एका मोठ्या रुग्णालयाच्या विद्युत देखभाल विभागाकडे अर्ज करण्यास सुचवले होते आणि अकराव्या महिन्यात तेथे मला काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण काम कायमस्वरूपी आहे आणि शस्त्रक्रियागृहाचा वीजपुरवठा अखंड राखण्याची जबाबदारी मला मोलाची वाटते. प्रवेशाची मुदत बाकी असल्यामुळे उरलेले तीन महिने मी सायंकाळच्या वर्गांना जात राहिलो.

या सेवेतील सर्वांत उपयुक्त भाग तिच्या माहितीपत्रकात कोठेच नव्हता. केंद्राच्या इमारतीत मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. तेथे दर गुरुवारी आम्ही दहा-पंधरा जण बसू लागलो. कोणी अर्ज लिहून घेई, कोणी मुलाखतीचा सराव करी, कोणी नुसताच बसे. सकाळी उठून कोठे तरी जायचे आहे, एवढ्यानेही घरातला माणूस सावरतो, हे मी तेथे पाहिले. डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्तर यांच्या २००९ च्या संशोधनानुसार दीर्घ सेवेनंतर नोकरी गमावलेल्या पुरुषांमधील मृत्यूचे प्रमाण लगतच्या काळात ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेले आढळले होते. हा आकडा वाचल्यावर मागच्या रांगेत गप्प बसलेला तो सहकारी मला आठवतो. गुरुवारच्या खोलीत त्याला आणण्यासाठी आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो होतो, आणि तो पुढच्या आठवड्यापासून येऊ लागला. केंद्राकडे मात्र आरोग्याच्या प्रश्नासाठी एकही व्यक्ती नेमलेली नव्हती, आणि कंपनीचे वैद्यकीय संरक्षण संपल्यावर काय करायचे याचे उत्तर आम्हाला आमचे आम्हीच शोधावे लागले.

ज्यांची कंपनी विक्रीच्या वाटेवर आहे आणि ज्यांना अशा केंद्रात नाव नोंदवावे लागणार आहे, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना आहे. कंपनीच्या फाटकाचे प्रवेशपत्र जमा करण्याच्या आधी सेवेचा दाखला, आजवर घेतलेल्या प्रत्येक प्रशिक्षणाची नोंद, सुरक्षा परवान्यांच्या प्रती आणि शेवटच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आस्थापना कार्यालयातून मागून घ्याव्यात. विक्रीनंतर जुने आस्थापना कार्यालय बंद होते आणि नव्या मालकाच्या कार्यालयात आपली फाइल कोणत्या कपाटात आहे हे सांगू शकणारा माणूस उरत नाही. मला ती कागदपत्रे मिळवण्यासाठी अकरा आठवडे लागले, आणि ती पूर्ण होईपर्यंत केंद्राने माझी नोंदणी तात्पुरतीच ठेवली होती.